दीड मिनिटाचा कॉरिडॉर

मी माइकपाशी जाऊन कागद उलगडला आणि त्याच क्षणी तिसऱ्या रांगेतली खुर्ची करकरली. मान वर न करताही कोण उठलं ते कळलं, कारण त्या सभागृहात काठी टेकत चालणारा माणूस एकच होता. काठीचा रबरी ठोका दारापर्यंत गेला, दार उघडलं, हळूच ओढून घेतलं गेलं. माझा ॐ तोवर तोंडातून निघालेला, आता थांबता येईना. नवी कोरी नारायणपेठ, घशाला कोरड, समोर मेयर आणि कौन्सिलची मंडळी माना खाली घालून उभी, मागे आमच्या महाराष्ट्र मंडळाची पंधरा-वीस माणसं मोबाइल उंच धरून. इथे टाऊन कौन्सिलच्या सभेआधी प्रार्थना होते, त्या दिवशी पाळी माझी होती. शांतिपाठ संस्कृतात म्हटला, मग त्याचं इंग्रजी वाचलं. सगळं मिळून दीड मिनिट. इथे टाळ्या वाजवायच्या नसतात हे आमच्या लोकांना कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे टाळ्याही झाल्या. मी जागेवर येऊन बसले तेव्हा दार पुन्हा उघडलं, वकील आजोबा आत आले, आपल्या खुर्चीत बसले आणि माझ्याकडे बघून नेहमीसारखं हसले. मी हसले नाही.

वकील आजोबा हे नाव माझ्या लेकीने ठेवलेलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या या गावात आम्ही घर घेतलं तेव्हापासून ते शेजारी. वय ऐंशीच्या पुढे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, हयात लोकांची मृत्युपत्रं आणि जमिनीची खरेदीखतं करण्यात गेलेली. कोपऱ्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये ते डीकन, म्हणजे पाळकाच्या हाताखालचे सेवक आहेत. आमच्या गणपतीला हॉल मिळतो तो त्याच चर्चचा. सकाळी सात वाजता किल्ली घेऊन दार उघडायला हेच येतात, लेझमीचा आवाज सहन होत नाही म्हणून कानातलं मशीन काढून खिशात टाकतात, पण हॉल सोडून जात नाहीत. मोदकाच्या कळ्या बोट लावून मोजतात. असा माणूस माझ्या प्रार्थनेला उठून जातो म्हणजे काय समजायचं? गणपती भाड्याच्या हॉलमध्ये चालतो, पण टाऊन हॉलच्या माइकवर आला की खुपतो, असंच ना? नवरा म्हणाला, “अगं, ऐंशी वर्षांचा माणूस, लघवीला गेला असेल.” म्हटलं, “बरोब्बर माझ्या ॐला?”

त्या दिवाळीत त्यांच्याकडे चकलीचा डबा गेला नाही.

दहाएक दिवसांनी तेच आले. हातात मागच्या वर्षीचा आमचा स्टीलचा डबा. डबा रिकामा परत करायचा नसतो हे लेकीने त्यांना कधीतरी शिकवून ठेवलंय. या खेपेला त्यात साखरेत घोळलेले पेकन होते, अक्रोडासारखे. मी दारातच विचारलं, तुम्ही उठून का गेलात? त्यांना आधी प्रश्नच कळेना. मग कळल्यावर काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, “मी दर सभेला बाहेर जातो. टाऊन क्लार्कला विचार. आमच्या पाळकाची पाळी होती तेव्हाही गेलो होतो, तो अजून रुसलाय माझ्यावर.” देवाशी बोलायला मला टाऊनने वेळ लावून द्यायला नको, असं काहीसं पुढे म्हणाले. मी म्हटलं, मग हे मला आधी का नाही सांगितलंत? “तुझी पहिलीच वेळ होती. आणि साडी नवीन दिसत होती.” दर महिन्याला ते सभेला येतात ते त्यांच्या परसामागच्या पावसाच्या गटारासाठी. गेली चार वर्षं ते गटार तुंबतंय आणि गेली चार वर्षं ते कौन्सिलपुढे उभे राहून तेच सांगतायत. गटाराआधी प्रार्थना, आणि प्रार्थनेपुरता कॉरिडॉर.

माझ्या डोक्यातला बाप्टिस्ट म्हणजे टीव्हीवर घाम पुसत ओरडणारा सुटाबुटातला प्रचारक. शाळेत प्रार्थना पाहिजे, कोर्टाच्या भिंतीवर दहा आज्ञा पाहिजेत म्हणणारा. असे आहेतच, भरपूर आहेत. पण आजोबांनी ज्याचं नाव सांगितलं तो माणूस वेगळा निघाला. ब्रेंट वॉकर. फ्लोरिडात टँपाला मोठ्या फर्ममध्ये भागीदार असलेला कोर्टातला वकील. चांगली चालती वकिली सोडून तो केंटकीतल्या लुईव्हिलला धर्मशास्त्र शिकायला गेला. आपल्याकडे एखाद्या जमलेल्या वकिलाने बंगला-गाडी बाजूला ठेवून आळंदीला वारकरी शिक्षण घ्यायला जावं, तसंच काहीसं. घरच्यांनी काय तोंडं केली असतील याची कल्पना आपण करू शकतो. फरक एवढाच की हा शिकून परत कोर्टाच्याच दारात आला. १९८९ साली वॉशिंग्टनच्या बाप्टिस्ट जॉइंट कमिटीत रुजू झाला, १९९९ ते २०१६ तिचा प्रमुख होता. कचेरी मेरिलँड अ‍ॅव्हेन्यूवर, सुप्रीम कोर्टाच्या अगदी शेजारी. दीक्षित पाळकही आणि सुप्रीम कोर्टाच्या बारचा सदस्यही. १९३६ पासून चालत आलेल्या या संस्थेचं काम म्हटलं तर एका ओळीचं आहे: सरकारने कुणाच्या धर्माच्या आड येऊ नये आणि कुणाच्या धर्माला हातही देऊ नये. पहिल्या अर्ध्याला सगळे टाळ्या वाजवतात. दुसऱ्या अर्ध्यावर आपलीच माणसं तोंड फिरवतात.

वॉकरच्या बाबतीत तर लगेचच फिरवली. सदर्न बाप्टिस्ट हा त्यांच्यातला सगळ्यात मोठा जथा. १९८२ साली त्यांनी शाळेतल्या प्रार्थनेसाठीच्या घटनादुरुस्तीला पाठिंबा दिला होता आणि ही कमिटी मात्र विरोधात उभी राहिली होती. तो राग साठत गेला. वॉकर नोकरीला लागला त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांनी कमिटीचे बहुतेक सगळे पैसे तोडले, त्यापुढच्या वर्षी उरलेलेही. म्हणजे गडी घर सोडून आला आणि आल्याआल्या विहीर आटली. कमिटी टिकली ती बाकीच्या छोट्या-मोठ्या बाप्टिस्ट मंडळ्यांच्या वर्गणीवर.

कमिटीच्या या वकिलांना नेहमीच्या अर्थाने अशील नसतो. बहुतेक वेळा ते कोर्टाला ‘न्यायालयाचे मित्र’ म्हणून लेखी निवेदन देतात, काँग्रेसपुढे साक्ष देतात, चर्चाचर्चांतून जाऊन आपल्याच लोकांशी वाद घालतात. त्यांनी कुणाकुणाची बाजू घेतली ती यादी वाचताना मी स्वयंपाकघरात उभीच राहिले, भाजी लागली तरी कळलं नाही. ओरेगॉनमध्ये व्यसनमुक्ती केंद्रातल्या दोघा समुपदेशकांनी नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या विधीत पेयोटी नावाचं, नशा आणणारं म्हणून कायद्याने बंदी असलेलं निवडुंग खाल्लं. नोकरी गेली, बेकारभत्ताही नाकारला. १९९० साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं, कायदा सगळ्यांना सारखा असेल तर धर्माच्या नावाने सूट मागता येणार नाही. यावर जी आघाडी उभी राहिली तिचं अध्यक्षपद वॉकरचा सहकारी ऑलिव्हर थॉमस याच्याकडे होतं आणि तिच्यात एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक एका टेबलाशी बसले: नागरी स्वातंत्र्यवाले, ज्यू संघटना, कर्मठ इव्हँजेलिकल ख्रिस्ती. १९९३ साली धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला, सिनेटमध्ये ९७ विरुद्ध ३ मतांनी. पुढे अर्कान्सासच्या तुरुंगातल्या एका मुस्लिम कैद्याला अर्धा इंच दाढी ठेवायची होती, तुरुंग नाही म्हणत होता. बाप्टिस्ट कमिटी कैद्याच्या बाजूने. २०१५ साली नऊच्या नऊ न्यायाधीशांनी त्याला दाढी दिली. न्यू जर्सीत बर्नार्ड्स टाऊनशिपमध्ये मशीद बांधायची होती. माझी मावसबहीण तिथून अर्ध्या तासावर राहते, तिच्याकडून मी तेव्हा फक्त “पार्किंगचा काहीतरी वाद आहे” एवढंच ऐकलं होतं. चर्चला जो हिशेब लावत त्याने ५० गाड्यांची जागा पुरली असती, मशिदीला सांगितली १०७. सुनावण्या ३९ झाल्या. तिथेही बाप्टिस्ट वकील मशिदीच्या बाजूने, आणि गंमत म्हणजे त्या वेळी सदर्न बाप्टिस्टांची स्वतःची संस्थाही त्याच निवेदनावर सही करून बसली, आणि घरी गेल्यावर तिने बोलणी खाल्ली.

सगळंच इतकं सरळ नाही. १९९३ चा तो कायदा २०१४ साली एका बड्या दुकानसाखळीच्या मालकांनी हातात घेतला, नोकरदार बायकांच्या विम्यात काही गर्भनिरोधकं द्यायची नाहीत म्हणून. कमिटीने कायदा घटनेला धरून आहे एवढंच सांगितलं आणि कुठलीच बाजू घेतली नाही. मला हे वाचून चीड आली. घर आपण बांधायचं आणि भाडेकरू कोण आला यावर गप्प बसायचं? आजोबांना म्हटलं तर म्हणाले, “मलाही तेव्हा आली होती.” एवढंच. आणखी काही बोलले नाहीत.

या लोकांचं मूळ शोधत गेलं की एक चीज सापडतं. खरंखुरं, दुधाचं. मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावच्या बाप्टिस्टांनी १,२३५ पौंडांचं, म्हणजे साडेपाचशे किलोहून जास्त वजनाचं चीज बनवून राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनला भेट पाठवलं. पाळक जॉन लेलंड ते घेऊन भर हिवाळ्यात वॉशिंग्टनला पोचला आणि १ जानेवारी १८०२ रोजी त्याने ते जेफरसनला दिलं. त्याच तारखेला जेफरसनने कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांना पत्र लिहिलं, ज्यातली चर्च आणि सरकार यांच्यामधली भिंत अजून कोर्टात उभी-आडवी केली जाते. एका हाताने शाई, दुसऱ्या हाताने चीज. डॅनबरीचे बाप्टिस्ट रडत होते कारण त्यांच्या राज्यात दुसऱ्याच पंथाचं चर्च सरकारमान्य होतं. त्या चर्चच्या करातून यांना सूट हवी तर दाखला आणा. म्हणजे हक्क नव्हे, मेहरबानी. आणि मुळात बाप्टिस्टांचं म्हणणं काय, तर बाप्तिस्मा कळत्या वयात, स्वतःहून घ्यायचा असतो. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालून झालेला ख्रिस्ती त्यांना मंजूर नाही. जिथे आईबापाचीही जबरदस्ती चालत नाही तिथे राजाची कशी चालेल? या एवढ्याशा गोष्टीपायी ओबादिया होम्स नावाच्या माणसाने १६५१ साली बॉस्टनमध्ये उघड्या पाठीवर ३० फटके खाल्ले.

फटके मारणारे होते प्युरिटन, म्हणजे काँग्रिगेशनल चर्चवाले. इथे मी वाचता वाचता अडखळले, कारण हे नाव माझ्या ओळखीचं होतं. नगरच्या माणसाला अमेरिकन मराठी मिशन सांगावं लागत नाही. त्यांच्या शाळा, त्यांचं हॉस्पिटल, त्यांच्या देवळाची घंटा हे आमच्या गावाचंच सामान आहे. ते मिशनरी बॉस्टनच्या बोर्डाने पाठवलेले, काँग्रिगेशनल. नगरला त्यांचं ठाणं पडलं १८३१ साली. आणि मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांच्या चर्चसाठी कायद्याने कर वसूल करणं बंद झालं १८३३ साली. म्हणजे ते नगरच्या उन्हात उतरले तेव्हा मायदेशी ते सरकारी होते आणि इथे मूठभर. त्यांच्या हाताखाली जी माणसं ख्रिस्ती झाली ती मूठभरच राहिली. तसा खुद्द बाप्टिस्टांचाही आपल्याशी संबंध आहे, १८०५ साली मराठीचं व्याकरण छापणारा विल्यम केरी बाप्टिस्ट होता. कंपनी सरकार मिशनऱ्यांना थारा देईना म्हणून डेन्मार्कच्या झेंड्याखाली श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या, जाऊन राहिलेला चांभार. पण मला केरी आठवत नव्हता. मला चौथीचा वर्ग आठवत होता.

आमच्या शाळेत दर गुरुवारी सरस्वतीच्या तसबिरीला हार, उदबत्ती आणि प्रार्थना असे. खडूचा वास, त्यात मोगरा उदबत्ती, नंतर खोबऱ्याचे तुकडे. वर्गात एक ख्रिस्ती मुलगी होती. ती उभी राहायची, पण हात खाली. कुणाला त्रास नव्हता, ती आपली गप्प उभी असे. मी मॉनिटर होते. एका गुरुवारी मी बोट वर करून म्हटलं, “बाई, ही हात जोडत नाही.” मला कुणी सांगायला सांगितलं नव्हतं. बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “हात जोडले की झिजतात का गं?” वर्ग हसला. बाई वाईट नव्हत्या, त्याच बाईंनी तिच्या फीचे पैसे एकदा भरले होते. पण त्या गुरुवारपासून ती हात जोडायला लागली. म्हणजे अगदी जोडत नसे. दोन तळव्यांमध्ये एक लिंबू मावेल एवढी फट ठेवायची. बाईंना ती फट दिसली नाही. माझी जागा तिच्या बाजूला होती, मला दर गुरुवारी दिसायची.

ती फट मात्र मी कुणाला सांगितली नाही. एवढंच काय ते माझ्या बाजूने.

आणि आज मी अल्पसंख्य म्हणून नटूनथटून माइकपुढे उभी होते, अगदी मानाने बोलावलेली. हे निमंत्रण आलं कुठून तेही आता कळलं होतं. न्यूयॉर्क राज्यात ग्रीस नावाचं गाव आहे. तिथे १९९९ पासून टाऊनच्या मासिक सभेआधी प्रार्थना सुरू झाली आणि सलग काही वर्षं प्रार्थनेला येणारे सगळे ख्रिस्तीच. दोन बायकांनी तक्रार केली, एक ज्यू, एक नास्तिक. तक्रारीनंतर घाईघाईने एक ज्यू गृहस्थ आणि बहाईंचे एक प्रमुख यांना बोलावणी गेली, आणि विक्का या आधुनिक निसर्गपूजक पंथाच्या एका पुजारिणीने स्वतःहून मागितली तेव्हा तिलाही पाळी मिळाली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा वॉकरच्या कमिटीने बायकांच्या बाजूने निवेदन दिलं: प्रार्थना हे सरकारचं कामच नव्हे. २०१४ साली ५ विरुद्ध ४ मतांनी ते हरले. कोर्टाने म्हटलं, कुणाला वगळत नसाल तर चालू द्या. आमच्याच राज्यात रोवन काउंटीत कमिशनर मंडळी स्वतःच प्रार्थना म्हणत. ते मात्र २०१७ साली अपील कोर्टाने बंद पाडलं. तेव्हापासून गावोगावचे वकील टाऊनांना सांगतात, यादी सर्वांना खुली ठेवा, दोन-चार वेगळी नावं येऊ द्या, दावा होणार नाही. त्या दोन-चारांतली मी एक. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी दोनशे नमस्कार पडले होते. ते कशावर पडले होते हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. लिहून काय मिळालं असतं? आणि खोटं कशाला बोलू, त्या जाड गालिच्याच्या, कॉफीचा शिळा वास मारणाऱ्या सभागृहात संस्कृत घुमलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. तो काटा खरा होता. वकिलाच्या सल्ल्याने आला म्हणून खोटा होत नाही.

नवऱ्याशी यावर भांडण झालं. तो म्हणतो, एवढं सोवळं कशाला? आषाढीला मुख्यमंत्री पहाटे पंढरपुरात शासकीय महापूजा करतात, मानाच्या वारकऱ्याला शेजारी उभं करतात, कुणाचं काय बिघडतं? आपल्याकडे कचेरीत सत्यनारायण होतो, तहसीलदारापासून शिपायापर्यंत शिरा खातात, त्यात मुलाणीसाहेबही असतात. मी म्हटलं, असतात. शिरा खातात. त्यांना कुणी विचारलंय का? तो म्हणाला, तूच विचार. मला कधी सुचलं नाही, माझ्या वडिलांच्या कचेरीतले ते मुलाणीसाहेब आता हयातही नसतील. आपल्याकडे दाराबाहेर उभं राहण्याची गोष्ट आहे ती चोखोबांची, पण ती आत घेत नव्हते म्हणून. आत खुर्ची असताना उठून बाहेर जाणारा माणूस आपल्या कथांमध्ये मला पटकन सापडेना. म्हणून कदाचित मी त्या रात्री त्यांना शत्रूच्या खात्यात टाकलं असेल.

यंदा दिवाळीच्या महिन्यात पुन्हा टाऊनचं पत्र आलं. मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन, “ताई, यंदाही तुम्हीच.” मी म्हटलं, मुलांना द्या संधी. तर एका कॉलेजच्या पोराला दिली. मी जायचं की नाही हे शेवटपर्यंत ठरवलं नव्हतं. मग निघाले, पार्किंग मिळेना, धापा टाकत पोचले तर सभागृहाचं दार लागलेलं आणि बाहेर बाकावर वकील आजोबा. मांडीवर गटाराच्या फोटोंचं पाकीट. समोरच्या भिंतीवर जुन्या मेयरांच्या तसबिरी ओळीने, एक व्हेंडिंग मशीन घुंई करत असलेलं. दाराला कुलूप नव्हतं. हळूच उघडून मागच्या रांगेत बसता आलं असतं. त्यांनी बाकावर सरकून जागा केली, बोलले काही नाहीत. मी बसले.

आतून पोराचा आवाज येत होता. उच्चार जरा अमेरिकन, ‘शान्ति’तला त टाळूला लागलेला. तिसऱ्या ओळीला माझे ओठ आपोआप हलायला लागले. मी आजोबांकडे पाहिलं, ते समोरच्या तसबिरींकडे बघत होते आणि त्यांचं कानातलं मशीन त्यांच्या तळहातावर होतं, सुपारीएवढं. टाळ्या वाजल्या. आमच्या लोकांना अजूनही कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या: झालं? मी मान हलवली. त्यांनी मशीन कानात बसवलं, काठी सावरली, पाकीट माझ्या हातात दिलं, आणि आम्ही आत गेलो. गटार अजेंड्यावर सहाव्या नंबरला होतं.